बसूचं पांढरं जहाज

माझ्याकडे मरणाची बातमी ऑर्डर म्हणून येते. फ्लेक्सचा धंदाच तसा आहे. लग्न, वाढदिवस, निवड, निधन... मशीन एकच आणि शाईही तीच. मातीला माणसं जमायच्या आत चौकात बोर्ड लागला पाहिजे, म्हणून घरची मंडळी कधीकधी नातेवाइकांच्या आधी मलाच कळवतात. नाव, वय, साइज, आणि खाली ‘शोकाकुल’ म्हणून कुणाकुणाची नावं टाकायची ते. त्या दिवशी सकाळी मी शटर उघडून पहिला चहा घेत होतो, तेवढ्यात मल्लूअण्णांचा फोन आला. “रफिक, बसू गेला,” एवढं बोलून ते थांबले. दवाखान्यातली कुणाचीतरी हाक त्यांच्या फोनमधून मला ऐकू येत होती. मग ते म्हणाले, “बोर्ड कर. दहा बाय सहा. जाताना घेऊन जातो. आन् बोट मोठी टाक, नेहमीचीच.” बसू, म्हणजे बसवराज, माझा शाळेपासूनचा दोस्त. तटरक्षक दलात अख्खी नोकरी काढून आलेला माणूस. त्याच्या जाण्याची बातमी ऐकल्यावर मी पहिली गोष्ट कोणती केली असेल, तर कॉम्प्युटर चालू केला. रडू नंतर आलं. सवय वाईट असते, दुसरं काय म्हणू?

ही ‘नेहमीची बोट’ काय भानगड आहे, ते सांगायचं तर फार मागे जावं लागेल. बसू वळसंगचा. रोज एसटीने सोलापूरला शाळेत यायचा. घरी कानडी, गावात मराठी, आणि माझ्या बाकावर बसून बसून दखनीतल्या शिव्याही शिकलेला. वडील लवकर गेले. थोरला भाऊ मल्लिनाथ, म्हणजे आमचे मल्लूअण्णा, त्याच्याहून बारा वर्षांनी मोठे. त्यांनीच त्याला बापासारखं वाढवलं, त्याच्यासाठी स्वतःची शाळा सोडली, आणि पाठीला पत्र्याचा डबा बांधून त्याला विहिरीत पोहायलाही शिकवलं. समुद्र आम्ही दोघांनीही बघितला नव्हता. सिद्धेश्वराचा तलाव हेच आमचं सगळ्यात मोठं पाणी. अशा माणसाने भरतीची जाहिरात बघून अर्ज भरला आणि तो चक्क निवडला गेला. तटरक्षक म्हणजे नेमकं काय, हे ना त्याला ठाऊक होतं, ना मला, ना निवड झाली म्हणून पेढे वाटत सुटलेल्या अण्णांना. गावाने आपल्या परीने अर्थ लावला, की पोरगं पाण्यातल्या मिलिटरीत चाललंय.

माझे अब्बा पेंटर होते आणि मी त्यांच्या हाताखाली नुकता ब्रश धरायला लागलो होतो. बसूच्या सत्काराचा कापडी बोर्ड मी रंगवला. एका कॅलेंडरवर करड्या रंगाची युद्धनौका होती, तिची नक्कल केली. अब्बांनी लांबून बघितलं आणि म्हणाले, “ये जहाज है क्या भैंस है रे?” मग मी तिच्यावर आणखी दोन तोफा चढवल्या. म्हशीला कुठे तोफा असतात! अण्णांना बोर्ड एवढा आवडला, की सत्कार झाल्यावर त्यांनी तो घडी करून ट्रंकेत ठेवला. बसूही त्या बोर्डाखाली छाती काढून उभा राहिला होता. खरं सांगायचं तर चूक तिथूनच सुरू झाली, आणि ती माझ्या हातची होती.

पहिल्या सुट्टीला आला तो थेट आमच्या दुकानात. स्टुलावर बसला, इकडेतिकडे बघितलं आणि हळूच म्हणाला, “रफिक, आमची बोट पांढरी हाय रं.” मला वाटलं, चेष्टा करतोय. “पांढरीफेक. बाजूला तिरका पट्टा. फुडं एक तोफ हाय, ती बी लहानच. लांबनं बघितलं की ॲम्ब्युलन्सच वाटती.” बंदरात शेजारीच नौदलाच्या युद्धनौका उभ्या असायच्या. करड्या, दुप्पट-तिप्पट लांब, वर क्षेपणास्त्रांच्या पेट्या. त्यांच्या सावलीत यांची बोट म्हणजे दांडग्या बैलाशेजारी कालवड. त्याचा चेहरा इतका पडलेला होता, की मला हसूही येईना. जाताना म्हणाला, “अण्णाला सांगू नगंस.” मी सांगितलं नाही. अण्णांनी मात्र तोवर गावभर सांगून टाकलं होतं, की बसू लढाईच्या बोटीवर आहे. पुढे अक्कलकोटकडची सोयरीक जमली तीही याच बोलण्यावर. महादेवीवहिनींच्या वडिलांनी बैठकीत विचारलं, “तोफ चालवतो काय?” आणि अण्णा म्हणाले, “मग काय तर!” बसू खाली मान घालून पोहे खात राहिला.

त्याचं मन कधी बदललं, ते मला नेमकं ठाऊक आहे. कारण तो ते एकदाच बोलला, आणि माझ्याशीच बोलला. लग्नानंतरची गोष्ट. कोकणच्या बाजूला वादळात एक मच्छीमार बोट बुडाली होती आणि यांचं जहाज तिकडे धावलं. पाण्यातून माणसं ओढून काढली. त्यातला एक म्हातारा वर आल्यावर बसूचा हात सोडेचना. म्हणाला, लांबून पांढरं दिसलं म्हणून फळी धरून राहिलो, नाहीतर कधीच सोडली असती. हे सांगताना बसू माझ्या दुकानातल्या पांढऱ्या रंगाच्या डब्याकडे बघत होता. “रफिक, करडा रंग कशापाय असतो म्हाईत हाय का? दिसू नये म्हणून. लढाईची बोट दिसली की मेली. आन् आमची दिसली न्हाय, तर फुडचा मरतोय.” एवढा साधा हिशेब त्याला कळायला दोन वर्षं लागली आणि मला तो त्याच्याकडून कळला. नंतर तो हा फरक कुणालाही, कधीही समजावून सांगायला लागला. युद्धनौकेचं पोट म्हणजे कप्प्याकप्प्यांचं, एक फुटला तरी बाकीचे तरावेत म्हणून. तिच्यावर माणसं जास्त, जागा दारूगोळ्याला. यांच्या बोटीवर मोकळा डेक, माणसं उचलायला छोट्या होड्या, आग विझवायला पाण्याच्या तोफा, बंद पडलेलं जहाज ओढून आणायला जाड दोर. चोरटा माल पकडायचा, तेल सांडलं तर आवरायचं, मच्छीमाराचं इंजिन बंद पडलं तर त्याला काठावर आणून सोडायचं. “ते लढायची वाट बघत्यात. आमची लढाई रोजचीच हाय, पर तिला कोण लढाई म्हणत न्हाय,” असं म्हणायचा. हे म्हणताना नौदलाबद्दल वाकडा शब्द नसायचा हं. “ती बोट बी लागतीच की,” हे वाक्य तो न विसरता जोडायचा.

पण त्या वादळातला एक माणूस सापडला नव्हता. वाचलेल्यांत त्याचा भाऊ होता. शोध चालला, रात्रंदिवस चालला, आणि मग थांबवायचा हुकूम आला. हुकूम चुकीचा नव्हता, असं बसू म्हणायचा. इतक्या वेळानंतर त्या पाण्यात कुणी जगत नाही. कप्तानाने बसूला त्या भावाजवळ बसायला सांगितलं, कारण मराठी बोलणारा तेवढाच होता. भावाने नकाशा मागितला. बसूने त्याच्यापुढे नकाशा पसरला. तो माणूस एकेका जागेवर हात ठेवत विचारायला लागला, इथे बघितलं? इथे? बसू हो म्हणत गेला. शेवटी त्याने एका कोपऱ्यावर हात ठेवला. प्रवाह उलटा होता, त्यामुळे तिकडे कुणी वाहून जाणं शक्यच नव्हतं, म्हणून जहाज तिकडे गेलंच नव्हतं. “मग?” मी विचारलं. “व्हय म्हनलो,” बसू म्हणाला. “तितं बी बघितलं म्हनलो. दुसरं काय होतं रं माझ्याकडं त्याला द्यायला?” उठताना त्याने विषय बदलला आणि म्हणाला, पुढच्या वेळी बोर्ड केलास तर आमची खरी बोट काढ.

मी काढलीही. त्याला बढती मिळाली तेव्हा गावाने पुन्हा सत्कार ठेवला. त्याच्याकडून फोटो घेऊन मी जीव लावून पांढरं जहाज रंगवलं. अण्णा बघायला आले आणि त्यांचा चेहरा उतरला. “हे काय रं? ही काय सहलीची बोट हाय व्हय? लोक हसतील की.” मी बसूकडे बघितलं. माझी अपेक्षा होती, की आता तरी हा तोंड उघडेल. वादळात उडी मारणारा माणूस, पण थोरल्या भावापुढे त्याची जीभ टाळूला चिकटायची. “ऱ्हाऊ दे रं पेंटर,” म्हणाला, “अण्णाला बरं वाटतंय की.” मी पांढऱ्यावर करडा हात मारला. पुढे फ्लेक्स आले, ब्रश गेला, आणि करडं जहाज माझ्या कॉम्प्युटरमध्ये ‘बसू बोट’ नावाची फाइल होऊन बसलं. घर बांधलं तेव्हा तीच फाइल, मुलीच्या लग्नात तीच, निवृत्तीला तीच. निवृत्तीच्या बोर्डाकडे निरखून बघत बसू मला बाजूला घेऊन म्हणाला, “पेंटर, ही आपल्या देशाची बी न्हाय रं.” इंटरनेटवरून उतरवलेली कुठल्यातरी परक्या मुलखाची युद्धनौका होती ती, झेंडा तेवढा मी बदललेला. आम्ही दोघं तिथेच, हार-तुऱ्यांच्या गर्दीत, पोट धरून हसलो. अण्णा दुरून बघत होते, त्यांना वाटलं, मित्र आनंदात आहेत.

निवृत्तीनंतर तो सोलापुरात राहायला आला आणि दुपारी माझ्या दुकानात येऊन त्याच जुन्या स्टुलावर बसायला लागला. गिऱ्हाइकाला डिझाइन दाखवून होईपर्यंत हा त्याला युद्धनौका आणि गस्तीनौकेतला फरक सांगून मोकळा व्हायचा. बारशाचा बोर्ड करायला आलेल्या माणसाला त्यात काय गम्य असणार? पण बसूची शेंगाचटणी आणि कडक भाकरी खाल्ली की तोही मान डोलवायचा. एकदा एका शाळेने त्याला झेंडावंदनाला बोलावलं. ‘युद्धभूमीवर पराक्रम गाजवलेले’ अशी ओळख करून दिली, आणि मुलांनी विचारलं, किती शत्रू मारले? बसू म्हणाला, “मारलं एकालाबी न्हाय. बुडणारी मानसं काढली.” मुलं हिरमुसली आणि टाळ्या बेताच्याच वाजल्या. दुकानात येऊन हे सांगताना तो हसत होता, पण चहा त्याने अर्धाच घेतला. त्याला शौर्याची हौस नव्हती. आपण जे केलं तेवढंच आपल्या नावावर असावं, एवढीच त्याची मागणी होती, आणि तेवढी साधी मागणी मी, त्याचा जिवलग मित्र, धंद्याने बोर्डवाला, एकदाही पुरी करू शकलो नाही.

मग पोटाचं दुखणं निघालं. तपासण्या झाल्या, पुण्याला नेऊन आणलं, आणि डॉक्टरांनी हात टेकले. त्याचं अंग वाळत गेलं. मी रोज दुपारी दवाखान्यात जाऊन बसायचो. काय करायचो? काही नाही. उशी सारखी करायचो, पाण्याचा घोट द्यायचो, नळीतून पडणारे थेंब बघायचो. एवढं जवळ बसूनही त्याच्यासाठी काडीचंही करता येत नाही, ही भावना किती वाईट असते... देवाने तसली वेळ कुणावर आणू नये. एका दुपारी वहिनी डबा आणायला घरी गेल्या होत्या. बसूने उशीखालून एक फोटो काढला. कडा पिवळ्या पडलेला, त्याच्या जहाजाचा, बाजूने काढलेला. म्हणाला, “माझा शेवटचा बोर्ड तूच करणार हाईस. करणारच की, दुसरं कोण करंल? तेवढ्याला पांढरी टाक.” मी म्हणालो, गप रे, काहीतरी बोलू नकोस. तो म्हणाला, “शब्द दे.” मी दिला. त्यानंतर चौथ्या दिवशी तो अण्णांचा फोन आला.

मी शब्द पाळायला बसलो होतो, हे मला इथे नोंदवायचंय. फोटो आधीच स्कॅन करून ठेवला होता. वर बसूचा गणवेशातला चेहरा, खाली या टोकापासून त्या टोकापर्यंत पांढरं जहाज. दहा बाय सहा छापून झालं, आणि शाई वाळायला म्हणून मी ते दुकानात टांगलं. माझं दुकान अक्कलकोट रस्त्यावर, वळसंगला जायच्या वाटेवर. थोड्या वेळाने ॲम्ब्युलन्स येऊन दारात थांबली. आत बसू होता, आणि त्याच्या पायाशी महादेवीवहिनी. अण्णा पुढून उतरले. पंच्याहत्तरीचा माणूस, काठी टेकत आत आला, टांगलेल्या बोर्डापुढे उभा राहिला. मग वळून म्हणाले, “लेकरा, आज नगं. समदं गाव आलंय मातीला. आज ही लावलीस तर लोक म्हनतील, मल्लिनाथ जलमभर खोटं बोलला.” मी म्हणालो, “अण्णा, त्यानं माझ्याकडनं शब्द घेतलाय.” अण्णांनी माझ्यापुढे हात जोडले. ज्यांच्या विहिरीत मीही पोहायला शिकलो, त्या अण्णांनी. म्हणाले, “त्यो गेला रं. मला अजून हितंच ऱ्हायचंय.”

मी बाहेर गेलो आणि वहिनींकडे बघितलं. त्यांनी खिडकीतून माझ्याकडे नुसतं बघितलं आणि पदर तोंडाला लावला. शेवटी मी फाइल उघडली. करडं जहाज छापून निघायला वीस मिनिटं लागली. ती वीस मिनिटं बसू दारातल्या पांढऱ्या ॲम्ब्युलन्समध्ये पडून होता आणि मी आत मशीनवर त्याला दिलेला शब्द मोडत होतो. बसूच्या समाजातही आमच्यासारखंच पुरतात. माती देताना मी मनात त्याची माफी मागितली. चौकात बोर्ड झळकत होता आणि लोक एकमेकांना सांगत होते, केवढ्या मोठ्या बोटीवर होता बघा.

त्याला आता दीड महिना झाला. करडा बोर्ड कुणीतरी उतरवून नेला. फ्लेक्सचं शेवटी जे होतं तेच त्याचंही झालं असणार, कुठल्यातरी कडब्याच्या गंजीवर तो पडला असेल. पांढरा मात्र गुंडाळून मी स्टुलाच्या मागे उभा करून ठेवला होता. लावायला चौक नव्हता आणि टाकून द्यायला हात होत नव्हता. परवा दुपारी अण्णा आले. एकटेच, एसटीने. स्टुलावर बसले, पाणी प्यायले. दवाखान्याची कागदं न्यायला आलो होतो म्हणाले. मग काठीच्या मुठीकडे बघत त्यांनी विचारलं, “ती पांढरी हाय का रं अजून? का टाकलीस?”

मी फरशीवर उलगडून दिला. अण्णा वाकून बघायला लागले, मग काठी बाजूला ठेवून सरळ खालीच बसले. जहाजाच्या बाजूला गोल गोल खिडक्यांची रांग आहे. तिच्यावरून हात फिरवत म्हणाले, “ह्यात बसू कुटं झोपायचा?”

मला ठाऊक नव्हतं. इतक्या वर्षांत त्याने मला तोफा सांगितल्या, दोर सांगितले, होड्या सांगितल्या, रंगाचं कारण सांगितलं... आणि तू कुठे झोपायचास, हे मी त्याला एकदाही विचारलं नव्हतं. आता विचारायला कुणी नव्हतं. अण्णांनी एका खिडकीवर हात ठेवला आणि माझ्याकडे बघितलं. “हितं?”

“व्हय, अण्णा,” मी म्हणालो. “हितंच.”

त्यांनी मान हलवली. चारची एसटी गेली, मग पाचची गेली. अण्णा त्या खिडकीवर हात ठेवून तसेच बसून होते.